घेटुळीची माळ

मी जळगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. भुईआवळ्याचा अर्क यकृताच्या पेशींना विषापासून कितपत वाचवू शकतो, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यामुळे यकृताचा कॅन्सर मलाच झाला, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तेच बोलला: अहो मॅडम, तुम्ही तर त्याचंच औषध बनवता ना? काही जण हळहळून म्हणाले, काहींच्या आवाजात थोडी गंमत होती. मी पहिल्या चार-पाच जणांना नीट समजावून सांगितलं. मग कंटाळले आणि नुसती मान हलवायला लागले.

ज्यांच्या घरी नुकताच असा रिपोर्ट आलाय, आणि ज्यांच्या ओट्यावर उद्या सकाळी कुणीतरी मायेने काढा आणून ठेवणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. उपचारांचं तुमचे डॉक्टर सांगतील. मी माझ्या आईबद्दल सांगणार आहे. त्या सगळ्या महिन्यांत मला जगायचं होतं हे खरंच, पण त्याहून जास्त मला माझी माय शेजारी हवी होती, आणि ती यायची थांबली होती.

वेफर्स

पोटात उजवीकडे दुखायचं. खडा असेल म्हणून सोनोग्राफीला गेले. त्या मुलीने बरगडीखालच्या एकाच जागी यंत्र पुन्हा पुन्हा फिरवलं आणि मग, मॅडम जरा थांबा, म्हणून मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेली. छताकडे बघत पडून राहिले. तेव्हाच कळलं मला. वर्गात एखादं पोर उत्तर माहीत असून खाली बघतं ना, तसंच तिचं झालं होतं.

बाहेर विलास, माझा नवरा, केळीच्या वेफर्सचं पाकीट घेऊन बसला होता. उपाशीपोटी आलीय, बाहेर आली की खाईल म्हणून. पुढे मोठा स्कॅन झाला, रक्त तपासून झालं, नाव पक्कं झालं, आणि ते पाकीट तसंच स्कूटरच्या डिकीत राहिलं. आम्ही दोघंही ते फोडेना आणि फेकेनाही.

डॉक्टर धुळ्याचे. शांत माणूस. गाठ यकृताच्या कडेला आहे, लहान आहे, काढता येईल, म्हणाले. मग म्हणाले की कावीळ ब चा विषाणू तुमच्या रक्तात फार जुना आहे, बहुतेक जन्मापासूनचा. तुम्हाला पोटात असताना आईला कावीळ झाली होती का?

मला हसूच आलं. अहो, ती गोष्ट तर आमच्या घरची आरती. लग्न असो, बारसं असो, मायने ती सांगितली नाही असा कार्यक्रम झालेला नाही.

खिळ्याची कावीळ

मायला आठवा लागला होता. डोळे हळदीसारखे पिवळे. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. गल्लीतल्या एका अक्काने घेटुळीच्या देठांची माळ बांधली. घेटुळी म्हणजे पुनर्नवा, बांधाबांधावर पसरलेली असते. ओल्या देठांचे बोटभर तुकडे, प्रत्येकाला पांढऱ्या दोऱ्याची गाठ. गळ्यात घातली तेव्हा माळ गळ्याशी असते. मग रोज थोडी थोडी लांबत जाते. छातीवर, बेंबीवर, गुडघ्याला लागली की कावीळ उतरली. माळ नदीला सोडायची. जिने बांधली तिने दर मंगळवारी येऊन बघून जायचं, आणि माळ सोडल्यावर मात्र सव्वा महिना त्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. ठेवला तर कावीळ तिच्या मागोमाग परत येते.

मायची माळ गुडघ्याला लागली, डोळे पांढरे झाले, आणि मी झाले. ती हे इतक्या तोऱ्यात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, आम्हा दोघींना त्या अक्कानेच जन्माला घातलं.

मी शिकले, कॉलेजात लागले, आणि दर वर्षी तीच माळ वर्गात बांधायला लागले. बांधून प्रयोगशाळेतल्या खिळ्याला लटकवायची. देठ सुकतात, बारीक होतात, गाठी ढिल्या पडतात, दोरा सुटतो, माळ लांबते. आठवड्यात खिळ्यावरची माळ टेबलाला टेकायची. पोरं हसायची. मी म्हणायचे, आता सांगा, खिळ्याला कधी कावीळ झाली होती?

हे मी मायलाही सांगितलं होतं. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खिळाले बी व्हयेल व्हई. तुले काय माहीत?"

बाटली

दुखणं कळल्यावर माय पहिल्याच एसटीने आली. पिशवीत हिरव्या रसाची बाटली. भुईआवळा, पहाटे उपटून, धुऊन, वाटून, फडक्यातून गाळून आणलेला.

तुम्हाला सांगते, मला ती बाटली तोंडाला लावायची होती. झाकण उघडलं आणि त्या वासाने मी थेट बांधावर जाऊन उभी राहिले. भाद्रपदात मी आणि माय पोती घेऊन निघायचो. ती पुढे वाकून उपटत जायची, मी मागे पानं उलटी करून बघत. पानाखाली बारीक मण्यांसारखी फळं ओळीने लागलेली असतात. मी म्हणायचे, माय, मुळासकट काढ. ती म्हणायची, तुझ्या आधीपासून काढतेय. मग पडवीत सावलीला वाळवायचं, कुटायचं, पोत्यात भरून जळगावला. प्रयोगशाळेत ते भिजत घालायचं, गाळायचं, आटवायचं, की भांड्याच्या बुडाशी काकवीसारखं काळं चिकट उरतं. तो अर्क. काचेच्या ताटलीतल्या पेशींना आधी अर्क दिला आणि मग विष दिलं, तर त्या बऱ्यापैकी तग धरायच्या. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी सूक्ष्मदर्शकावरून उठून मायला फोन केला होता.

पण आधी अर्क, मग विष. छत्री भिजायच्या आधी उघडायची असते. मी भिजून बसले होते. आणि ताटलीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, मधे फार मोठी वाट आहे. ती वाट कुणीतरी चालायला हवी, असं मला आजही वाटतं, पण माझ्या यकृतावरून नको. धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की ऑपरेशनपर्यंत काढा, रस, चूर्ण, काहीही नाही. जे पोटात जातं ते सगळं यकृतालाच निस्तरावं लागतं, झाडपाला झाला म्हणून काय झालं, आणि काही झाडपाल्याने यकृत बिघडतंही. बिघडलं तर ऑपरेशन पुढे जाईल. तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून दोनदा सांगतो, असंही म्हणाले. राग आला मला. पण बरोबरच होतं त्यांचं.

मी झाकण लावलं.

मायचा चेहरा उतरला. "तूच सांगे ना व, हाई लिव्हरले चांगलं शे?"

"माय, ताटलीमा चांगलं शे. मना पोटमा काय करी, माले माहीत नही."

आयुष्यभर मला सगळं माहीत असायचं. तिच्यासमोर तर जास्तच. माय बाटली घेऊन अंगणात गेली आणि रस जास्वंदीच्या मुळाशी ओतला. रागावली नाही. आत येऊन पीठ मळायला बसली. मी मात्र न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. कॅन्सरसाठी नाही, त्या रसासाठी. कधी नव्हे ते मला वाटत होतं की मी न शिकलेली असते तर बरं झालं असतं, डोळे मिटून पिऊन टाकला असता आणि त्या रात्री शांत झोपले असते.

रक्त

विषाणू घरात आणखी कुणाला आहे का बघायला सगळ्यांचं रक्त तपासायचं ठरलं. माझ्या मुलीचं निघालं नाही. ती झाली तेव्हा नव्यानेच आलेली लस आमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरणीने हट्टाने टोचली होती. मी तेव्हा एवढ्याशा बाळाला सुया कशाला म्हणून कुरकुरले होते. आता वाटतं त्या बाईच्या पाया पडावं. तुमच्या घरात कुणी राहिलं असेल तर आधी ते काम करा.

भाऊ मायला धुळ्याला घेऊन आला. तिचं रक्त ठीक होतं. जुन्या काळी विषाणू येऊन गेल्याच्या खुणा होत्या, बाकी काही नाही. तिची कावीळ खरंच उतरली होती. माझ्यात तेवढी राहिली.

हे तिला कुणी सांगू नये असं मी विलासला बजावलं होतं. पण दवाखान्यातल्या समुपदेशक बाई फार कामसू. त्यांनी मायला समोर बसवून, आजी घाबरू नका, असं म्हणत म्हणत सगळं समजावलं. बाळंतपणात आईकडून बाळाला कसं जातं तेही.

माय बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसली. पदर डोक्यावर नीट ओढून घेतला.

"मनाकडथून गयं का हाई तुनामा?"

मी म्हटलं जंतू असतो, कुणाचा दोष नसतो. तेव्हा गावात तपासणी नव्हती, लस नव्हती, कुणाला काय कळणार. मी बरंच बोलले, वर्गात बोलते तसं. ती मान हलवत होती. मग भाऊ आला, अमळनेरच्या गाडीची वेळ झाली होती, ती उठली. ऑपरेशनला येते म्हणाली.

आली नाही.

दाराकडे

दवाखान्यात दिवस कसा जातो ते सांगते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. पहाटे रक्त घेतात. मग चहा, त्यात दूध कमी. मग झाडू-पोछा. मग डॉक्टरांची फेरी, तेव्हा सगळे नातेवाईक उगाच उभे राहतात. मग दुधीभोपळ्याची भाजी. दुपारी माशा. संध्याकाळी कुणीतरी डबा आणतं आणि अख्ख्या वॉर्डात शेवभाजीचा वास सुटतो, आणि मला मात्र मुगाची पातळ खिचडी. मी डोळे मिटून दादर ज्वारीची भाकरी आठवायचे. वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा, मायने हाताने फोडलेला. आठवून तोंडाला पाणी सुटायचं आणि मग त्या पाण्याचीच मळमळ व्हायची.

पोछा मारणाऱ्या मावशी सगळ्या बायकांना माय म्हणायच्या. पाय वर घे माय. सरक माय. बिचाऱ्यांना काय ठाऊक, तो एवढासा शब्द ऐकला की मी भिंतीकडे तोंड का फिरवते ते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भीती वाटली का? हो. भलतीच. पण मला मरणाची भीती कमी आणि मायचा हात डोक्यावर न फिरता आत जायची जास्त होती. सत्तावन्न वर्षांची बाई, नावामागे डॉक्टर लावणारी. हसा तुम्ही. वॉर्डाचं दार उघडलं की मी मान वळवायचे. प्रत्येक वेळी.

विलास सगळं करत होता. माझी वेणीसुद्धा घालायचा, इतकी वाकडी की समोरच्या खाटेवरची बाई तोंडावर पदर घ्यायची. एकदा तो चिडला. म्हणाला, मी रोज इथे आहे आणि तू दाराकडे बघतेस. खरंच होतं त्याचं.  त्याने वेणी पुरी केली, रबर लावलं आणि खाली जाऊन चहा पिऊन आला, माझ्यासाठी नारळपाणी घेऊन.

गाठ निघाली. कापलेल्या कडा स्वच्छ निघाल्या, मागे काही उरलं नव्हतं. शुद्धीवर आले तेव्हा पोटावर केवढी तरी शिवण होती आणि मी विचारलं, माय उनी का? विलास म्हणाला, वाटेवर असेल. तो खोटं फार वाईट बोलतो.

मंगळवार

जळगावात मेहरूणला घरी आले. संध्याकाळी विलास तलावापर्यंत नेऊन आणायचा, मी त्याच्या दंडाला धरून. रिपोर्ट चांगले येत होते. विषाणूची गोळी रोज, ती कायमची, आणि मधून मधून स्कॅन. लोक पेढे मागत होते. माय येत नव्हती. फोनवर केळीला भाव काय, गाय आटली, असलं सगळं सांगायची. गुडघे धरलेत म्हणायची. भाऊ म्हणाला, गुडघे ठणठणीत आहेत, शेतात जाते. तुझ्याकडे यायचं नाव काढलं की उठून जाते. म्हणते, मी जिथे जाईन तिथे कावीळ घेऊन जाईन.

मीच तिकडे जावं तर पोटाच्या शिवणीमुळे डॉक्टर एसटीत बसू देईनात. बरी होत होते आणि घर खायला उठत होतं. जास्वंद फुलली की रडू यायचं.

एक दिवस फोनवर मी म्हटलं, "माय, ऑपरेशन झालं, पण मनी कावीळ कोनी उतारीच नही. तेवढं राही गयं."

पलीकडून तिने विचारलं, मग, डॉक्टर काय म्हणतो?

माळेबद्दल डॉक्टरांना मी आधीच विचारलं होतं. ते हसले होते. पोटात जात नाही ना, मग घाला की.

"पोटमा जात नही ते ठीक शे," माय म्हणाली. "मंगळवारले येस."

आली. पिशवीत ओलं फडकं, फडक्यात घेटुळी. दारातल्या ओट्यावर पाय पसरून बसली आणि देठ तोडून गाठी मारत गेली.  मी समोर बसून बघत होते. हीच माळ मी इतकी वर्षं पोरांना हसवायला बांधली, आणि आता मान खाली घालून ती गळ्यात घालून घेत होते. घालताना तिचा हात माझ्या डोक्यावरून फिरला. दवाखान्यात ज्यासाठी मान वळवत होते तो हात.

मग दर मंगळवारी येऊ लागली. तापीचा पूल ओलांडला की भाच्याने घेऊन दिलेल्या आपल्या छोट्या फोनवरून मिस कॉल द्यायची. आली की आधी माळ बघायची, मग भाकरी टाकायची, मग माझी वेणी घालायची. विलासच्या वेणीवर दोघी हसायचो. दुपारच्या गाडीने परत.

माळ छातीवर आली. माय खूश. माळ बेंबीकडे निघाली, आणि माझी झोप उडाली. एकदा गुडघ्याला लागली की ती नदीला सोडायची, आणि मग सव्वा महिना माय येणार नाही. सव्वा महिन्यानंतर तरी येईल याचा मला भरवसा वाटेना. म्हणेल, काम झालं, आता मी कशाला.

आता, देठ सुकू नये म्हणून काय करायचं हे वनस्पतिशास्त्राच्या बाईला शिकवायला नको. रानातून नमुने आणतो तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळतो. अंघोळीला जाताना मी माळ काढायला लागले. रात्रीही. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात. माळ बेंबीच्या खाली सरकायची थांबली. एका सकाळी विलास कोथिंबीर काढायला गेला आणि त्याच्या हाताला ते लागलं. उघडून बघितलं त्याने. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.  फडकं सुकलं होतं, ते त्याने नळाखाली धरून पिळलं, माळ परत गुंडाळली आणि कप्पा बंद केला.

दोन मंगळवार गेले. मायने माळेकडे बघितलं, कपाळाला आठी घातली आणि भाकरी टाकायला गेली. तिसऱ्या मंगळवारी लवकरची गाडी मिळाली म्हणून ती मिस कॉल न देताच अवचित आली. मी नुकतीच माळ गळ्यात घातली होती. तिने ती हातात धरली, आणि हात तसाच राहिला. तिने आपली बोटं बघितली. ओली होती. मग माझ्याकडे बघितलं. पोटात असल्यापासून ओळखते ती मला.

मी तोंड उघडलं, काहीतरी सांगणार होते, घाम आला वगैरे. तिने हात लुगड्याला पुसला.

"हाई आते सडी जाई," ती म्हणाली. "पुढला मंगळवारले दुसरी आनसू."

आणि पीठ मळायला आत गेली.